घरांत आलेला लेथ



वयाच्या बासष्टाव्या वर्षीं माणसानें घरांत काय आणावें याविषयीं आपल्या समाजांत कांहीं संकेत ठरून गेले आहेत. आरामखुर्ची आणावी, सटीक ज्ञानेश्वरी आणावी, फार तर रक्तदाब मोजण्याचें यंत्र आणावें. मीं गेल्या वर्षीं लेथ आणला. सावेडींतील आमच्या दाराशीं तो टेंपोंतून उतरूं लागला तेव्हां शेजारच्या गृहस्थांनीं, "गुरुजी, पिठाची गिरणी काढतां कीं काय?" असें विचारलें. घरांतून मात्र मला कांहींच विचारण्यांत आलें नाहीं, आणि तीच गोष्ट अधिक काळजीची होती.

या लेथमुळें मला इतिहासांतला एक प्रश्न पडला. सदतीस वर्षें मीं शाळेंत इतिहास शिकविला. पानिपतचीं कारणें सांगितलीं, सनावळ्या घोकून घेतल्या. पण हा प्रश्न कधीं माझ्या मनांत आला नव्हता. तो सांगण्यापूर्वीं लेथ माझ्या घरांत कां आला तें सांगणें भाग आहे.

माझे वडील आमच्या जिल्ह्यांतील एका साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्यें टर्नर होते. अहमदनगर जिल्हा (२०२४ सालापासून याचें नांव अहिल्यानगर झालें आहे) आणि साखर यांचा संबंध आपणांस ठाऊकच आहे. हरेगांवचा बेलापूर कंपनीचा कारखाना पहिल्या महायुद्धानंतर लगेच उभा राहिला, आणि विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ प्रभृतींच्या प्रयत्नानें प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० सालच्या अखेरीस गाळप करूं लागला. उसाचा भाव, संचालकांच्या निवडणुका, यांविषयीं आपल्याकडे पुष्कळ बोललें व लिहिलें जातें. वर्कशॉपविषयीं कोणी बोलत नाहीं. गाळपाचा हंगाम संपला म्हणजे उंस पिळणारे रोलर झिजलेले असतात. एकेक रोलर कित्येक टनांचा. तो काढून, भल्या मोठ्या लेथवर चढवून, त्याच्या खांचा पुन्हां कापाव्या लागतात. उन्हाळाभर वडिलांचें तेंच काम असे. बिडाचा काळा कीस त्यांच्या हाताच्या रेषांत इतका मुरला होता कीं, दिवाळीच्या उटण्यानेंहि तो निघत नसे. रात्रीं जेवण झाल्यावर आई दिव्याजवळ बसून त्यांच्या तळव्यांत रुतलेल्या पोलादाच्या बारीक कुसळ्या सुईनें काढी.

मी दहाबारा वर्षांचा असतांना एकदां त्यांच्या मागोमाग वर्कशॉपच्या दारापर्यंत गेलों. त्यांनीं मला आंत येऊं दिलें नाहीं. "तूं खडूनें हात पांढरे कर," इतकेंच ते म्हणाले. मीं तसें केलें. मॅट्रिक झालों, शिक्षकाची सनद घेतली, आणि पांढरपेशा होऊन गेलों. वडील वारल्यावर त्यांच्या वस्तूंत एक लहानशी लांकडी पेटी निघाली. तींत तेलकट फडक्यांत गुंडाळलेला, शेफील्डच्या मूर अँड राइट कंपनीचा मायक्रोमीटर होता. इंचाचा हजारावा भाग मोजणारें हें उपकरण. या हजाराव्या भागाला कामगार मंडळी 'थाऊ' म्हणतात. ती पेटी वीस वर्षें माझ्या कपाटांत पडून राहिली. निवृत्त झाल्यावर एके दिवशीं ती उघडून मीं खडू मोजला, रुपयाचें नाणें मोजलें, स्वतःचा केस मोजला. केस तीन थाऊ भरला. मग मोजण्यासारखें घरांत कांहीं उरेना, आणि ज्या यंत्रासाठीं हें उपकरण जन्मलें तें यंत्र आपण कधीं हातानें चालविलें नाहीं, ही गोष्ट मला बोंचूं लागली.

लेथ म्हणजे काय हें शहरांतील पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांस नीटसें ठाऊक नसतें. कुकरची शिटी, नळाचा आंतला दांडा, सायकलचा आंस, शाईच्या पेनाचें टोपण, अशा शेंकडों गोल वस्तु रोज आपल्या हातांतून जातात, पण त्या गोल कशा झाल्या हा विचार मनांत येत नाहीं. भोंक पाडण्याच्या यंत्रांत हत्यार फिरतें व काम स्थिर असतें. लेथमध्यें काम फिरतें व हत्यार स्थिर असतें. एवढाच फरक, पण त्या फरकावर यंत्रयुग उभें आहे. आपल्या मराठींत या क्रियेला जुना शब्द आहे, तो 'कातणें'. सूत काततात तसें लांकूडहि काततात. कातीव खांब, पलंगाचे कातीव पाय, पोळपाटावरचें लाटणें, हीं सारीं कातकामाचीं फळें होत, आणि हें काम करणारा तो कातारी. जुन्या पद्धतींत लांकडाला पट्ट्याचा वेढा देऊन एकानें पट्टा दोन्ही बाजूंनीं ओढावा आणि दुसऱ्यानें हत्यार टेकवावें. पट्टा ओढतांना काम एकदां पुढें व एकदां मागें फिरे. हत्यार कापी तें पुढच्याच फेऱ्यांत, मागचा फेरा फुकट. पितळेचीं भांडींहि आपल्याकडे अशाच युक्तीनें कातून उजळीत. वस्तूचें माप सारें डोळ्यांत आणि मनगटांत. हात थकला कीं वस्तुहि थकली.

असो. लेथ घ्यावयाचा म्हणून मीं चौकशीस लागलों. पहिली अडचण मापाच्या भाषेची. इंग्लंडांत लेथचें माप मध्यबिंदूच्या उंचीवरून सांगतात, अमेरिकेंत त्यावर किती व्यासाची वस्तु फिरेल त्यावरून, आणि आपल्याकडे बेडच्या लांबीवरून, फुटांत. बेड म्हणजे लेथचा तो लांब, बिडाचा, सपाट रुळांसारखा पाया, ज्यावर बाकीचे सर्व अवयव बसतात किंवा सरकतात. साडेचार फुटी, सहा फुटी, हीं आपल्या बाजारांतील नेहमींचीं मापें. माझ्या खोलीला इतकें पेलणारें नव्हतें. मला दोनअडीच फुटी हवा होता. चिनी बनावटीचे टेबलावर ठेवण्याजोगे नवे लहान लेथ हल्लीं मिळतात. ते देखणे असतात, वजनानें तीसचाळीस किलो असतात, आणि त्यांपैकीं पुष्कळांचीं दांतेरी चाकें प्लॅस्टिकचीं असतात. वडिलांच्या मायक्रोमीटरासमोर प्लॅस्टिकचीं चाकें मांडण्याचा मला धीर झाला नाहीं. म्हणून मीं जुना लेथ शोधूं लागलों. पुण्याच्या जुन्या बाजारांत दोन फेऱ्या झाल्या. अखेर नागापूरच्या औद्योगिक वसाहतींत बंद पडलेल्या एका लहान वर्कशॉपचें सामान विकावयास निघालें आहे असें कळलें.

माझा एक जुना विद्यार्थी त्याच वसाहतींत टर्नर आहे. गणितांत तो माझ्या हातून दोनदां नापास झाला होता. आज तो साइन व टॅन्जंट माझ्यापेक्षां झरझर वापरतो. त्यानें मला फोनवर बजावलें, "गुरुजी, रंग बघूं नका. चकजवळ बेडवर बोट फिरवा, मग टेलस्टॉककडे फिरवा. स्पिंडलखालीं लांकडाची पहार घालून उचलून बघा, हलतो का. आणि मी आल्याशिवाय पैसे देऊं नका." उपदेश उत्तम होता. लेथचें काम बहुधा चकजवळच चालतें, म्हणून बेड तेथेंच अधिक झिजतो व टेलस्टॉकच्या बाजूला कोरा राहतो. त्या दोहोंमधली पायरी नखाला लागते. परंतु विकणाऱ्या गृहस्थांनीं दुसरें गिऱ्हाईक संध्याकाळीं येणार असल्याचें सांगितलें, आणि शाळेंतल्या मुलांच्या सबबी सदतीस वर्षें ओळखणारा मी त्या सबबीला फसलों. बावीस हजार रुपये मोजले. स्पिंडल चांगला निघाला. बेडला पायरी होती, पण थोडी. मात्र आटे पाडण्यासाठीं अदलाबदल करावयाचीं दांतेरी चाकें असतात, त्यांतलीं दोन नव्हतींच. तीं अद्याप मिळालीं नाहींत. लेथवरची कंपनीची पाटीहि निघून गेलेली. घडणीवरून तो राजकोटकडचा असावा, असें विद्यार्थ्यानें सांगितलें आणि पुढें बराच वेळ तो कांहीं बोलला नाहीं. गुरूला रागावतां येत नाहीं, हें आपल्या संस्कृतींतलें एक मोठें सुख आहे.

आतां तो बसविण्याची कथा. प्रथम मीं तो घरांतील जुन्या सागवानी टेबलावर बसविला. मोटार सुरू करतांच टेबल नाचूं लागलें. सव्वादोनशें किलोचें यंत्र लांकडावर ठेवूं नये हें सांगावयास कोणा तज्ज्ञाची गरज नव्हती, पण ठेवून पाहिल्याखेरीज मला तें पटलें नाहीं. मग तळमजल्यावरच्या खोलींतल्या फरश्या उखडून काँक्रीट केलें, लोखंडी अँगलचें जाड स्टँड करून घेतलें, विजेला अर्थिंगची स्वतंत्र तार ओढली. एक नियम विद्यार्थ्यानें माझ्याकडून मुलाकडून वदवून घ्यावा तसा वदवून घेतला: चकची किल्ली हातांतून सुटली तर ती चकमध्यें कधींहि राहतां कामा नये. किल्ली लावलेली असतां मोटार सुरू झाली तर ती किल्ली गोळीसारखी सुटते. सैल बाह्या, उपरणें, मनगटावरचा दोरा, हींहि खोलीबाहेर.

एवढें झाल्यावर मीं पितळेचा अर्धा वीत लांबीचा दांडा चकांत धरून पहिला काप घेतला. पिंवळा कीस फुलासारखा उडूं लागला. दांडा आरशासारखा लखलखीत निघाला. वडिलांचा मायक्रोमीटर लावला. चकजवळ एक माप. बाहेरच्या टोकाशीं चार थाऊ अधिक. दांडा गोल होता, पण बाहेर जाड होत गेलेला. पुन्हां काप घेतला. पुन्हां चार थाऊ. हत्याराला धार लावून पाहिलें. पुन्हां चार थाऊ. डोळ्याला जें मुळींच दिसत नव्हतें तें तें लहानसें उपकरण पुनःपुन्हां निर्विकारपणें सांगत होतें.

रविवारीं विद्यार्थी आला. त्यानें दांडा पाहिला, लेथचे चारी पाय पाहिले, आणि म्हणाला, "गुरुजी, बेड पिळलाय." मला हें खरें वाटेना. बीड तुटेल, पण पिळेल कसें? त्यावर त्यानें बाजेचा दाखला दिला. बाजेचा एक पाय आखूड असला तर बाज डुगडुगते. पण तेवढा पाय कोणी जमिनीला खिळवून टाकला तर डुगडुगणें थांबतें व सारी बाज तिरपी ताणली जाते. माझ्या लेथचा उजवीकडचा एक पाय स्टँडवर नीट टेकत नव्हता, आणि मीं मोठ्या जोरानें पान्यानें बोल्ट आवळून तो टेकविला होता. केसभर पीळ बेडला बसला, आणि त्या पिळाचीच नक्कल दांड्यावर उतरली. गवंड्याच्या पाणसळींत हा पीळ दिसत नाहीं. एका मीटरला दोन शतांश मिलिमीटरची चूक दाखविणारी यंत्रशाळेची पाणसळ लागते. ती त्यानें दोन दिवसांसाठीं मागून आणून दिली.

येथें मला तो प्रश्न पडला. माझा दांडा सरळ नाहीं, कारण माझा बेड सरळ नाहीं. सरळ बेड हवा तर तो दुसऱ्या कोणत्या तरी सरळ यंत्रावरच कापला पाहिजे. तें यंत्र त्याहून जुन्या सरळ यंत्रावर. असें मागें मागें गेलें तर अगदीं पहिला सरळपणा आला कोठून?

आमच्या नगरलाच धरून विचार करूं. १५४९ सालीं बुऱ्हाण निजामशहाच्या पदरीं असलेल्या मुहम्मद बिन हसन रूमी या तुर्कानें नगरांत 'मलिक-ए-मैदान' ही तोफ ओतली. आज ती विजापूरच्या तटावर आहे. लांबी चौदा फुटांहून अधिक, वजन सुमारें पंचावन्न टन, तोंडाचा व्यास सुमारें अठ्ठावीस इंच. सहामाही परीक्षेंत हा प्रश्न मीं अनेक वेळां घातला आहे, पण तिची पोकळी किती गोल व किती सरळ असेल हें मीं कोणास विचारलें नाहीं. ती पोकळी मातीच्या गाभ्याभोंवतीं ओतलेली. गाभा जसा, तशी पोकळी. ओतण्याचें कसब त्या काळीं आपल्या भूमींत कोणाहूनहि कमी नव्हतें. पण ओतलेली वस्तु नंतर नेमकी कापून मापांत आणण्याचें साधन त्या वेळीं युरोपांतहि नव्हतें. तें यावयास आणखी सव्वादोनशें वर्षें लागलीं. १७७४ सालीं इंग्लंडांत जॉन विल्किन्सन यानें भरीव ओतलेली तोफ यंत्रानें पोखरण्याची कृति पेटंट केली, आणि लगेच दोन्ही टोकांस आधार असलेल्या दांड्यावर हत्यार बसवून त्यानें जेम्स वॅटच्या वाफेच्या एंजिनाचे सिलिंडर कापून दिले. वॅटचें एंजिन बुद्धींत कित्येक वर्षें आधीं तयार होतें. वाफ गळणार नाहीं असा गोल सिलिंडर मिळेना म्हणून तें अडलें होतें.

यानंतरचा पुरुष हेन्री मॉड्स्ली. जन्म १७७१, वुलिचच्या सरकारी तोफखान्याजवळ. बाराव्या वर्षीं तेथेंच काडतुसांत दारू भरण्याच्या कामावर लागला. पुढें लंडनांत जोसेफ ब्रामा या प्रसिद्ध कुलूपकाराकडे तो मुख्य कारागीर होता; आठवड्याला तीस शिलिंग मिळत. लग्न झालेलें, मुलें झालेलीं, म्हणून पगार वाढवून मागितला, मालकानें नाकारला, तेव्हां १७९७ सालीं त्यानें स्वतःचें दुकान थाटलें. त्यानें लेथच्या बाबतींत जें केलें तें सांगावयास सोपें आहे. हत्यार माणसाच्या हातांतून काढून त्यानें तें लोखंडी गाड्यांत घट्ट बसविलें, तो गाडा सरळ बेडवर सरकता केला, आणि त्याला मळसूत्राच्या लांब दांड्यानें पुढें ओढविलें. अशा युक्त्या त्याच्या पूर्वीं फ्रान्सांत व्होकान्सों याच्यासारख्यांनींहि योजिल्या होत्या, म्हणून सारें श्रेय एकट्या मॉड्स्लीस देणें योग्य नाहीं. पण हें सर्व एकत्र जुळवून रोजच्या कामास जुंपलें तें त्यानें. आतां मनगटाची थरथर वस्तूंत उतरेना. त्या बदल्यांत बेडचा दोष उतरूं लागला! कारागिराचा हात गेला, आणि यंत्राचें चारित्र्य आलें.

म्हणून मॉड्स्लीच्या कारखान्यांत सपाट पत्र्यांना फार मान होता. पत्रे म्हणजे जाड बिडाचे, वरून अगदीं सपाट केलेले तक्ते. त्याच्या हाताखालीं शिकलेल्या जोसेफ व्हिटवर्थनें ही कृति पूर्णत्वास नेली व १८४० सालीं विद्वानांपुढें मांडली. ती मला इतकी आवडली कीं थोडी विस्तारानें सांगतों. दोन तक्ते घ्या. एकावर शेंदरासारखा रंग लावून दुसरा त्यावर ठेवा. जेथें उंचवटा तेथें रंग लागेल. तेवढाच भाग हातानें खरवडा. असें करतां करतां दोन्ही एकमेकांस तंतोतंत बसतील. पण ते सपाट झाले का? नाहीं. एक वाटीसारखा खोलगट व दुसरा तिच्यांत बसेल असा फुगीर असला तरीहि ते तंतोतंत बसतात. दोघांनीं संगनमत केलें तर सत्य कळत नाहीं. म्हणून तिसरा तक्ता आणावयाचा. पहिला खोलगट असेल तर त्याला जुळविलेला तिसराहि दुसऱ्यासारखा फुगीर होईल. मग दुसरा व तिसरा समोरासमोर आणले कीं ते मधोमध टेकून डोलूं लागतात आणि चोरी उघडी पडते. तिघेहि आळीपाळीनें एकमेकांशीं जुळेपर्यंत खरवडीत राहावें. तिघे जुळले म्हणजे ते सपाटच असतात. दुसरा मार्ग नाहीं. यांत पूर्वीचें कोणतेंहि सरळ यंत्र लागत नाहीं. रंग, खरवडणी आणि चिकाटी, एवढ्या भांडवलावर पहिला सरळपणा शून्यांतून निर्माण होतो. त्या सपाट तक्त्यांवरून सरळ पट्ट्या, पट्ट्यांवरून बेड, बेडवरून दुसरे लेथ. हाच व्हिटवर्थ, ज्यानें १८४१ सालीं आट्यांचें पहिलें प्रमाणित माप ठरविलें. माझ्या लेथच्या कांहीं बोल्टांवर आजहि तेच आटे आहेत.

हा वारसा महाराष्ट्रांत कसा उतरला याचा शोध घेतां मला सर्वांत आनंद झाला तो हा कीं, येथें तो एका मास्तराच्या हातून उतरला. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचें नांव कोणास सांगावयास नको, पण ते मूळचे ड्रॉइंग मास्तर होते हें पुष्कळ जण विसरतात. जन्म १८६९ सालीं बेळगांवकडे, वडील वेदान्ताचे पंडित. चित्रकार व्हावें म्हणून मुंबईस जे. जे. कलाशाळेंत गेले; तेथें डोळ्यांना कांहीं रंग ओळखूं येत नाहींत असें आढळलें. रंग सुटले, रेघ राहिली. यांत्रिक आरेखन शिकून ते व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेंत शिक्षक झाले आणि तेथील यंत्रशाळेंत स्वतःच्या हातांनीं यंत्रें खोलण्याजोडण्यास शिकले. बढतीच्या वेळीं त्यांना डावलून दुसऱ्यास जागा देण्यांत आली तेव्हां नोकरी सोडून ते बेळगांवास आले. बंधु रामूअण्णांसह १८८८ सालीं सुरू झालेल्या त्यांच्या पेढीचा धंदा सायकलींचा. विकणें, शिकविणें, दुरुस्त करणें. पुढें १९०३ सालीं लोखंडी नांगर केला, तर लोखंडानें जमीन विषारी होते म्हणून शेतकरी तो घेईनात. पहिले नांगर खपण्यास दोन वर्षें गेलीं. बेळगांवच्या नगरपालिकेनें जागा सोडावयास लावली. औंधच्या राजेसाहेबांनीं दहा हजार रुपये बिनव्याजी व कुंडल स्टेशनाजवळचा निवडुंगाचा माळ दिला, आणि १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली. नांगराला लेथचें अगत्य फारसें नाहीं. तो ओतून भागतो. पण उसाचा चरक आणि पाण्याचा पंप आले कीं आंस आला, आणि आंस आला कीं कातकाम आलें. पंडिताच्या मुलानें काळे हात केले म्हणून त्या काळीं आप्तेष्टांना काय वाटलें असेल याची कल्पना मला माझ्या टेंपोच्या दिवसावरून थोडीशी करतां येते.

आमच्या नगरांतहि त्याच सुमारास, विसाव्या शतकाच्या आरंभीं, अमेरिकन मराठी मिशनचे डी. सी. चर्चिल नांवाचे यंत्रज्ञ हातमाग सुधारण्याच्या खटपटींत होते, आणि त्यांचा 'चर्चिल माग' बराच नांवाजला होता. त्यावर स्वतंत्र भाषण व्हावयास हवें. येथें केवळ उल्लेख करतों.

परंतु लेथ वापरणें वेगळें आणि लेथ घडविणें वेगळें. लेथ घडवावयाचा तर तो तीन तक्त्यांचा सरळपणा आपल्या घरीं निर्माण करावा लागतो. दुसऱ्या महायुद्धांत परदेशी यंत्रें येणें दुर्मिळ झालें, आणि १९४१ सालीं म्हैसूर संस्थानांत, तुंगभद्रेच्या कांठीं हरिहर येथें म्हैसूर-किर्लोस्कर कंपनी लेथ करण्यासाठीं निघाली. पुढें त्या लेथवर आपल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून टर्नरांच्या पिढ्या हात बसवून बाहेर पडल्या. माझा विद्यार्थीहि त्यांतलाच. ती कंपनी आतां राहिली नाहीं. तिचे लेथ मात्र ठिकठिकाणीं अद्याप फिरत आहेत. पुढें बतालामध्यें, लुधियान्यांत, राजकोटांत लहान लहान कारखानदारांनीं परदेशी लेथ पाहून स्वस्त लेथ केले, आणि माझ्या खोलींतलें यंत्र त्याच कुळांतलें. त्याच्या घडणींत तक्त्यांची तपस्या किती व घाई किती हें मला त्यावर रोज काम करून कळूं लागलें आहे. निकाल सध्यां देत नाहीं.

घरांत लेथ ठेवण्याची कल्पना मात्र आपल्याकडे रुजली नाहीं. इंग्लंडांत ती जुनी आहे. घरीं बसून लहान लहान एंजिनें करणाऱ्या हौशी लोकांसाठीं तेथें १८९८ पासून 'मॉडेल एंजिनियर' नांवाचें नियतकालिक निघालें. नॉटिंगहॅमजवळ १९३४ सालीं निघालेल्या मायफर्ड कंपनीनें १९४६ मध्यें काढलेला लहान लेथ तर तेथील कारकुनांच्या, डॉक्टरांच्या, शिक्षकांच्या परसांतल्या खोल्यांतून घरोघर गेला. ती कंपनीहि २०११ सालीं बंद पडली. आपल्याकडे ज्याला लेथ चालवितां येतो त्याला घरीं जागा नसते, आणि ज्याच्या घरीं जागा असते त्याला हात काळे करावयाचे नसतात. माझ्या वडिलांनीं आयुष्यभर लेथ चालविला, त्यांना स्वतःचा लेथ घेण्याचें स्वप्नहि पडलें नसेल, आणि मी विचारलें असतें तर, "पुन्हां घरींहि तेंच?" असें ते म्हणाले असते, याबद्दल मला शंका नाहीं.

आतां त्या चार थाऊंची हकीगत. दांड्याचें टोक जाड येतें याचा अर्थ हत्यार तेथें कामापासून किंचित् दूर, म्हणजे माझ्या अंगाकडे, झुकतें. म्हणून टेलस्टॉकच्या बाजूचा, माझ्याकडचा पाय उचलला पाहिजे, असें विद्यार्थ्यानें कागदावर आकृति काढून समजावून दिलें. भूमिति मींच त्याला शिकविली होती. तरी आकृति मला दोनदां काढून घ्यावी लागली. चारी बोल्ट ढिले केले. पाणसळ ठेवली. पायाखालीं पितळेचा कागदासारखा पातळ पत्रा सरकविला, बोल्ट हलक्या हातानें आवळले. मग जाड दांडा चकांत धरून, मधला भाग कापून, दोन टोकांना दोन कडीं ठेवलीं, म्हणजे दरवेळीं तेवढींच कातावयाचीं व मोजावयाचीं. फरक दोन थाऊंवर आला. आणखी एक पत्रा. फरक उलटा, एक थाऊ दुसऱ्या बाजूला. तो पत्रा काढून अर्ध्या जाडीचा घातला. विद्यार्थी जेवणवेळेस निघून गेला. मी एकटाच कातीत व मोजीत राहिलों. चष्मा कपाळावर, मायक्रोमीटर बल्बखालीं. रात्रीं साडेअकराच्या सुमारास दोन्ही कड्यांवर त्या उपकरणाची रेघ एकाच जागीं येऊं लागली. विश्वास बसेना म्हणून मोटार बंद करून, सर्व निवळूं देऊन, अर्ध्या तासानें पुन्हां मोजलें. रेघ हलली नाहीं.

पेटी बंद करून वर आलों. हात साबणानें धुतले तरी काळपट राहिले होते आणि उजव्या तळव्यांत कांहींतरी टोंचत होतें. घरांतून दिवा लागलेलाच होता. टेंपो आल्या दिवसापासून लेथविषयीं एक अक्षर विचारलें गेलें नव्हतें, तें त्या रात्रींहि विचारलें गेलें नाहीं. माझा हात पुढें ओढून दिव्याखालीं धरण्यांत आला, आणि शिवणाच्या डब्यांतली सुई काढण्यांत आली.